एक शून्य जास्त पडलं: क्रेडिट कार्डावर जादा भरलेले पैसे परत कसे मागायचे

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकचे गृहस्थ आहेत. कार्डाचं बिल ९,६४० रुपयांचं, शेवटची तारीख २. गुरुवारी २९ तारखेला रात्री त्यांनी फोनवरच्या ॲपमधून बिल भरलं आणि घाईत एक शून्य जास्त पडलं. गेले ९६,४००. शुक्रवारी कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, पेमेंट सक्सेसफुल आहे, रिव्हर्स होत नाही. पुढच्या खरेदीत ॲडजस्ट होईल." इकडे ५ तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता आहे आणि तो ज्या खात्यातून कापला जातो, तेच खातं रिकामं झालंय. त्यांचा प्रश्न: पैसे परत मिळतात का, आणि ५ तारखेच्या आत मिळतील का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर, त्या भरवशावर राहू नका.

मी बावीस वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात काढली, त्यातली बरीचशी मागच्या टेबलावर, म्हणजे जिथे तुमचा फोन कधीच पोचत नाही पण तुमची रिक्वेस्ट येऊन पडते. जादा भरलेले पैसे परत करणं हे तिथलं रोजचं काम. लोकांना वाटतं आपल्यासारखा वेंधळा जगात दुसरा नाही. एक शून्य जास्त, तेच बिल नवऱ्यानेही भरलं आणि बायकोनेही, ऑटो-पे चालू असताना हातानेही भरलं, जुन्या कार्डाऐवजी नव्यावर भरलं; दर महिन्याला हेच चार-पाच प्रकार फिरून फिरून यायचे. तेव्हा लाज सोडा.

आता मूळ मुद्दा. तुमची अडचण पैसे अडकल्याची नाही, तुमची मागणी चुकीच्या टेबलावर गेल्याची आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, "चुकून जास्त पेमेंट झालं, रिव्हर्स करा." समोरच्या मुलाने 'पेमेंट रिव्हर्सल' हा पर्याय निवडला. ती नोंद पेमेंटच्या वादाचं टेबल बघतं. तिथला माणूस एवढंच तपासतो की पैसे निघाले का आणि पोचले का. निघाले, पोचले, म्हणजे व्यवहार पूर्ण झाला. तो प्रामाणिकपणे 'रिव्हर्स होत नाही' लिहितो आणि नोंद बंद करतो. त्याचं काही चुकलेलं नाही. झालेलं पेमेंट खरंच मागे फिरवता येत नाही.

तुम्हाला मागायचा आहे 'क्रेडिट बॅलन्स रिफंड'. हे शब्द जसेच्या तसे वापरा. याचा अर्थ, पेमेंट बरोबर आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझ्या कार्ड खात्यात देण्यापेक्षा जास्त पैसे जमा आहेत, ते माझ्या बचत खात्यात पाठवा. ही तक्रार नाही, मागणी आहे, आणि तिचं टेबल वेगळं आहे. तिथला माणूस तपासतो तो फक्त एवढंच की जमा शिल्लक आहे का, मागणारा कार्डधारक आहे का आणि खातं त्याच्याच नावावर आहे का. तिन्ही हो असतील तर पैसे सुटतात. माझ्या अनुभवात 'परत मिळत नाहीत' म्हणून आलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून जास्त फक्त शब्द बदलल्यावर मार्गी लागली.

शाखेत जाऊन काही होईल का, हेही विचारलंय तुम्ही. बहुतेक बँकांत कार्डाचा कारभार वेगळा चालतो आणि शाखेतल्या मॅडमना तुमच्या कार्ड खात्यात हात घालता येत नाही. फार तर त्या तुमच्यासमोर तोच नंबर फिरवतील. कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच घ्यायला शाखा उपयोगी, एरवी नेटबँकिंग किंवा ईमेल बरा.

मागणी टाकण्यापूर्वी दहा मिनिटं हिशेब करा, कारण तुमचे नक्की किती पैसे जास्त आहेत हे तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं असतं. ९६,४०० मधून ९,६४० गेले की ८६,७६० उरतात, आणि लोक तोच आकडा मागतात. पण स्टेटमेंट निघाल्यानंतरही तुम्ही कार्ड वापरलंय. तुम्हीच लिहिलंय की किराणा आणि पेट्रोल मिळून ४,२१५ रुपये झाले. ते अजून बिलात आलेले नाहीत, पण बँकेच्या दृष्टीने ते देणंच आहे. म्हणजे खरी जमा शिल्लक ८२,५४५. नेटबँकिंगमध्ये 'टोटल आउटस्टँडिंग' किंवा 'करंट आउटस्टँडिंग' अशा नावाने आकडा दिसतो, त्याच्या आधी वजाचं चिन्ह किंवा पुढे 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) असेल. तो आकडा धरा, स्टेटमेंटवरचा नको.

आणि तोही पुरता मागू नका. तुम्ही ८२,५४५ मागितले आणि मागणी तपासेपर्यंत एखाद्या ओटीटीची वर्गणी कापली गेली, की शिल्लक उरली ८२,२४६. आता मागणी शिलकीपेक्षा जास्त झाली आणि ती फेटाळली गेली. हसण्यासारखं आहे, पण अशा दोन-तीनशे रुपयांपायी लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिलेत. एक तर 'उपलब्ध असलेली संपूर्ण जमा रक्कम' असं लिहा, नाहीतर थोडा कमी, गोल आकडा घाला. तुमच्या जागी मी असतो तर ८०,००० मागितले असते. वरचे अडीच हजार पुढच्या महिन्याच्या किराण्यात जातील.

वेळेचंही एक आहे. ॲपमध्ये 'पेमेंट यशस्वी' दिसलं म्हणजे ते कार्ड खात्यात जमा झालंच असं नाही. जुलै २०२४ पासून अशा ॲपमधून भरलेली कार्डाची बिलं भारत बिल पेमेंट सिस्टीममधून जातात. पैसे पोचायला कधी काही मिनिटं लागतात, कधी एक-दोन दिवस. चेकने भरलं असेल तर चेक वटेपर्यंत थांबावं लागतं. जमा दिसण्याआधीच मागणी टाकली तर 'शिल्लक नाही' म्हणून परत येते. तुमचे शुक्रवारी जमा झालेले दिसताहेत, तेव्हा शनिवारी सकाळी मागणी टाकायला हरकत नाही. त्या आधी वजा आकडा दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्ये किंवा ॲपमध्ये क्रेडिट कार्डाच्या सेवांखाली हा पर्याय तयारच असतो. नसेल तर नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहा, दुसऱ्या ईमेलवरून नको. मजकूर साधारण असा:

"विषय: क्रेडिट बॅलन्स रिफंडची विनंती. माझ्या कार्ड खात्यात, शेवटचे चार अंक अमुक, दिनांक ३० रोजी ९६,४०० रुपये जमा झाले आहेत. सर्व देणी वजा जाता खात्यात जादा रक्कम शिल्लक आहे. त्यापैकी ८०,००० रुपये माझ्या नावावरील पुढील बचत खात्यात पाठवावेत. ही रक्कम पुढील खरेदीत वळती करण्यास माझी संमती नाही. विनंती क्रमांक कळवावा."

खाली खाते क्रमांक, आयएफएससी, आणि बचत खातं दुसऱ्या बँकेत असेल तर नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान. कार्डाचा पूर्ण क्रमांक लिहायची गरज नाही, सीव्हीव्ही तर मुळीच नाही.

'संमती नाही' हे वाक्य मी मुद्दाम घातलंय. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल निर्देश काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात जमा रकमेबद्दल एक परिच्छेद आहे. परत आलेली किंवा फसलेल्या व्यवहाराची रक्कम कार्डावर जमा झाली आणि तुम्ही त्या खरेदीचं बिल आधीच भरलेलं असलं, तर ठरावीक मर्यादेच्या वरची रक्कम बँकेला परस्पर वळती करता येत नाही. तुमची स्पष्ट संमती लागते. मर्यादा म्हणजे कार्डाच्या लिमिटच्या १ टक्का किंवा ५,००० रुपये, यात जे कमी असेल ते. दोन लाखांचं लिमिट असेल तर २,००० रुपये. संमती बँकेने सात दिवसांत ईमेल किंवा एसएमएसने विचारायची, आणि उत्तर आलं नाही तर रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात पाठवायची. पुढचं वाक्य आपल्या कामाचं: मर्यादा काहीही असो, कार्ड खात्यात शिल्लक असलेली जमा रक्कम ग्राहकाने मागितली तर मागणी मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ती त्याच्या खात्यात द्यायची.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या परिच्छेदाचा रोख रिफंडवर आहे, तुमच्यासारख्या जादा भरण्यावर नाही. एखादा हुशार अधिकारी यावर बोट ठेवू शकतो. पण शेवटचं वाक्य 'कार्ड खात्यातली जमा रक्कम' एवढंच म्हणतं. ती कुठून आली हे विचारत नाही. मी ते जादा भरलेल्या पैशालाही लागू धरतो, आणि आमच्या टेबलावरही तसंच धरलं जायचं. ईमेलमध्ये पहिल्याच वेळी नियम फेकून मारू नका. साधी मागणी करा. नकार आला तर दुसऱ्या पत्रात नियम काढा.

लेखी मागणीचा आग्रह आपल्याकडेच आहे असं नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथे एक डॉलरपेक्षा जास्त जमा शिल्लक असेल तर ग्राहकाने लेखी मागितल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ती परत करावी लागते. त्यानेही आधी तीन फोन करून तोंडाची वाफ दवडली होती.

आता ५ तारीख. इथे मी थोडा कठोर होतो. शनिवारी १ तारखेला मागणी गेली. २ ला रविवार. तीन कामकाजाचे दिवस म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि बुधवारीच ५ तारीख. बँकेने नियम अगदी काटेकोर पाळला तरी पैसे बुधवारी संध्याकाळी येऊ शकतात, आणि हप्ता बहुधा सकाळीच ओढला जाईल. शिवाय ही घड्याळं वेगवेगळी आहेत. हप्ते कापणारी एनएसीएच यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. रिफंडचा माणूस मात्र सुट्टी घेतो. कापायला सगळे दिवस, परत द्यायला कामकाजाचे दिवस. म्हणून हप्त्याची सोय वेगळी करा. मुदत ठेव असेल तर ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का बघा, नाहीतर भावाकडून, मित्राकडून आठ दिवसांसाठी उसने घ्या. हप्ता परत गेला तर बचत खात्याची बँकही दंड लावते आणि कर्ज देणारीही, आणि कर्जाच्या नोंदीत उशीर दिसतो तो वेगळाच. उसने मागायची लाज त्यापेक्षा स्वस्त.

आणखी एक, आणि हे आज रात्रीच बघा. कार्डाला ऑटो-पे लावलंय का? तुम्ही ते लिहिलेलं नाही. शेवटची तारीख २ आहे. कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर बरेचदा त्या दिवशी खरंच किती देणं आहे ते पाहून पैसे कापले जातात आणि तुमचं देणं शून्य दिसेल. पण दुसऱ्या बँकेतून मँडेट, म्हणजे पैसे ओढायची आधीच दिलेली परवानगी असेल, तर स्टेटमेंटवरच्या रकमेची फाइल त्या बँकेला आधीच पाठवलेली असते. तुम्ही मध्ये काय भरलं हे त्या फायलीला ठाऊक नसतं. मग रविवारी पुन्हा ९,६४० जातील. तसं झालं तर घाबरून ते पेमेंट थांबवायला जाऊ नका, परत गेलेल्या मँडेटचा दंड बसतो. जाऊ द्या, तेही जमेत मिळतील आणि तेही असेच परत मागता येतील. मी स्वतः एका दिवाळीत हेच केलंय. कार्ड विभागात नोकरी आणि स्वतःचं बिल दोनदा भरलेलं. त्या आठवड्यात चहाचे पैसे मीच देत होतो.

काय करू नये हे जास्त महत्त्वाचं, कारण घाईत माणसं इथेच पैसे घालवतात.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने ते पैसे काढायला जाऊ नका. 'माझेच पैसे जमा आहेत, मी काढतो' हा विचार बरोबर वाटतो, पण यंत्रणेला ते रोख उचल म्हणूनच दिसतं. रोख उचलीचं शुल्क साधारण अडीच टक्के असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी. ८०,००० वर २,००० अधिक ३६०, म्हणजे २,३६० रुपये स्वतःचेच पैसे काढायला. आणि रोखीची मर्यादा एकूण लिमिटपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे तेवढे निघतीलच असंही नाही. कार्डावरून वॉलेट भरून तिथून खात्यात घ्यायचे, हा दुसरा शहाणपणा. त्यातही शुल्क जातं, आणि शंकास्पद व्यवहार म्हणून कार्ड अडकलं तर दुखण्यापेक्षा औषध जड.

'संपवून टाकू' म्हणून खरेदी करणारे वेगळेच. एक शिक्षक होते, त्यांच्या कार्डावर साठ-सत्तर हजार जादा गेले होते. फोनवर 'पुढच्या खरेदीत ॲडजस्ट होईल' ऐकलं आणि त्यांनी फ्रीज आणला. घरातला फ्रीज चांगला चालू होता. मला भेटले तेव्हा म्हणाले, "मग काय करणार, पैसे वाया जाण्यापेक्षा." पैसे वाया जाणारच नव्हते. जमा शिल्लक तारीख उलटून लयाला जात नाही. हां, तिच्यावर व्याजही मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम तिथे ठेवण्यात अर्थ नाही. पाचशे-हजार असतील तर मात्र खुशाल राहू द्या, महिन्याभरात खपतात. त्यासाठी मागणी, क्रमांक, पाठपुरावा, एवढं कुणी सांगितलंय?

जादा भरल्याने सिबिल स्कोअर वाढतो असंही काही जण सांगतात. वाढत नाही. कमीही होत नाही.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्यांच्याबद्दल, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाचं प्रकरण तुमच्यासारखं सरळ नसेल.

पैसे कोणाच्या खात्यातून गेले होते? मुलाने आपल्या खात्यातून वडिलांच्या कार्डाचं बिल भरलं आणि जास्त भरलं, तर रिफंड सहसा कार्डधारकाला, म्हणजे वडिलांना मिळतो. मुलाने कितीही ईमेल केले तरी त्याचं कोणी ऐकणार नाही. कार्ड खातं वडिलांचं आहे. ॲड-ऑन कार्डाचंही, म्हणजे आपल्या खात्यावर घरच्यांना काढून दिलेल्या कार्डाचंही तेच, मागणी मूळ कार्डधारकाने करायची. हा आडमुठेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. चोरीचे पैसे एखाद्याच्या कार्डावर भरायचे आणि दुसऱ्याच खात्यात 'रिफंड' म्हणून स्वच्छ करून काढायचे, ही जुनी युक्ती आहे. म्हणूनच रिफंड कार्डधारकाच्या नावाच्या खात्यातच जातो, आणि रक्कम मोठी असेल तर पैसे कुठून आले याचा पुरावाही मागतात. मागितला तर रागावू नका, ज्या खात्यातून भरले त्याचा उतारा जोडून मोकळे व्हा. तुमच्या प्रकरणात तो उतारा आधीच जोडला तर एक फेरी वाचेल.

बिल भलत्याच कार्डावर गेलं असेल तर? आपल्याच दुसऱ्या कार्डावर गेलं असेल तर वर सांगितलं तेच करायचं, फक्त मूळ कार्डाचं बिल तारखेच्या आत वेगळं भरा, रिफंडची वाट पाहत बसू नका. पण एनईएफटीने कार्ड क्रमांक टाकताना एखादा अंक चुकला आणि पैसे परक्या माणसाच्या कार्डावर गेले, तर ते दुखणं निराळं. तिथे क्रमांकावरच पैसे जमा होतात, आणि क्रमांक बरोबर टाकायची जबाबदारी पाठवणाऱ्याची धरली जाते. पाठवणाऱ्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. समोरच्याने संमती दिली तर पैसे येतात. ज्याच्या कार्डाचं बिल आयतं भरलं गेलं तो संमती द्यायची घाई करत नाही, हे उघड आहे.

ॲपने 'प्रलंबित' किंवा 'अयशस्वी' दाखवलं म्हणून दुसऱ्यांदा भरलं असेल तर आधी बघा की पहिलं पेमेंट कार्डावर पोचलंय का. पोचलं नसेल तर ती जमा शिल्लक नाहीच, ते फसलेलं पेमेंट आहे आणि ते बँक खात्यात आपोआप परत यायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने व्यापाऱ्याला केलेलं पेमेंट फसलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तिथे कार्ड कंपनीच्या मागे लागून उपयोग नाही, ज्या बँकेतून पैसे कापले तिला धरायचं.

आणि एक फसवा प्रकार: हप्त्यांवर घेतलेली वस्तू परत केली, दुकानाने रिफंड दिला, कार्डावर चाळीस हजार जमा दिसताहेत. ते लगेच मागू नका! दुकानाने पैसे परत केले म्हणून बँकेकडचे हप्ते बंद होतातच असं नाही. ते चालूच राहिले तर दर महिन्याला हप्ता त्या जमेतून व्याजासकट कापला जातो, आणि तुम्ही जमा काढून घेतलेली असेल तर खिशातून जातो. आधी बँकेला सांगून तो हप्ता रद्द करून घ्या, त्याची नोंद दिसू द्या, मग उरेल ते मागा.

आयकराची भीती एकाला वाटली होती म्हणून तेही सांगतो. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलांपोटी रोखीने १ लाख किंवा इतर मार्गाने १० लाख किंवा त्याहून जास्त भरले तर बँक ते आयकर खात्याला कळवते. तुमचे ९६,४०० त्याच्या जवळपासही नाहीत. पण एक शून्य जास्त पडून ज्याचे नऊ-साडेनऊ लाख गेले असतील त्याने रिफंडचे कागद जपून ठेवावेत. उत्पन्न कमी दाखवलंय आणि कार्डाचं बिल लाखांत, असं कुणी विचारलं तर दाखवायला काही हवं.

बँकेने नाहीच ऐकलं तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. तीन कामकाजाचे दिवस संपले की विनंती क्रमांकाचा हवाला देऊन तक्रार नोंदवा, मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला लिहा. त्याचा ईमेल बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन 'सीएमएस' पोर्टलवर. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. माझ्या अनुभवात गोष्ट सहसा नोडल अधिकाऱ्यापर्यंतच मिटते. लोकपालाकडे गेलेलं प्रकरण बँकेच्या हिशेबात वेगळं मोजलं जातं आणि ते कुणालाच नको असतं.

कार्डच बंद करायचं मनात असेल तर तेही चालतं. बंद करताना उरलेली जमा रक्कम बँकेने तुमच्या खात्यात पाठवायची असते. पण रागाच्या भरात कार्ड बंद करू नका. आधी पैसे, मग राग.

या दिवसांत एक पथ्य पाळा. बँकेला टॅग करून सोशल मीडियावर तक्रार टाकायचा मोह होईल. टाका, पण मोबाइल नंबर, कार्डाचे अंक काही लिहू नका. अशा तक्रारी शोधत बसणारे लोक आहेत. अर्ध्या तासात 'रिफंड विभागातून' फोन येतो, आवाज गोड, तुमची रक्कमही बरोबर सांगतो, कारण ती तुम्हीच लिहिलेली असते. मग एखादं ॲप उतरवून घ्यायला सांगतो, किंवा यूपीआय पिन टाकायला लावतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. तुमच्या रिफंडसाठी बँकेला तुमच्याकडून फोनवर काहीही नको आहे. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर न शोधता कार्डाच्या पाठीमागचा घ्या. ८०,००० परत मिळवायच्या नादात उरलेलं खातं साफ झालेली माणसं मी पाहिली आहेत. तसं काही घडलंच तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता शेवटचं. पैसे आले की पुढच्या स्टेटमेंटमध्ये ८०,००० रुपयांची एक नावे (डेबिट) नोंद दिसेल, खरेदी दिसते तशीच. ती रिफंडची आहे. तिच्यावर रोख उचलीचं शुल्क किंवा व्याज लावलेलं नाही ना, एवढं तपासा. लावलं असेल तर ते काढून घ्यायला लिहा. आणि ती नोंद बघून 'अरे, हे ऐंशी हजार कसले, भरून टाकू' म्हणत पुन्हा ८०,००० भरू नका. हसू नका, असं करणारे दोघे मला भेटलेत.